नावांच्या कार्डांची प्रगती: बारावे कार्ड, 'द वेन्सडे'

व्यावसायिक फुटबॉल क्लबांना त्यांची नावे कशी मिळाली, हे एकेका जाड कार्डावर बोरूने लिहून ठेवण्याचा माझा उपक्रम या महिन्यात बाराव्या कार्डापर्यंत पोहोचला. हे कार्ड इंग्लंडमधील शेफिल्ड वेन्सडेचे असून ते मला दोनदा लिहावे लागले.

पहिल्या खेपेस मी 'हा संघ बुधवारी फुटबॉल खेळत असे, म्हणून वेन्सडे' असे लिहून मोकळा झालो होतो, आणि ते चूक होते. नावातला वार फुटबॉलचा नाही, क्रिकेटचा आहे. १८२० मध्ये शेफिल्डमध्ये 'द वेन्सडे' हा क्रिकेट क्लब निघाला. त्यातील मंडळींना बुधवारी कामावरून अर्धी सुट्टी असे आणि त्याच दिवशी ती खेळायला जमत, म्हणून वार हेच क्लबचे नाव झाले. हिवाळ्यात क्रिकेट थांबल्यावर ही मंडळी पांगू नयेत आणि त्यांचा सराव टिकावा, या हेतूने ४ सप्टेंबर १८६७ रोजी ॲडेल्फी हॉटेलात बैठक होऊन फुटबॉल क्लब काढण्यात आला, आणि क्रिकेटचे नाव जसेच्या तसे त्याच्याकडे आले. कोल्हापूरच्या वाचकांना यात परके काही वाटणार नाही, कारण पाटाकडील तालीम मंडळ किंवा दिलबहार तालीम मंडळ हे फुटबॉल संघ आजही नावात तालीम सांभाळून आहेत.

त्या बैठकीचा वार मी स्वतः काढून पाहिला. १ जानेवारी १८६७ रोजी मंगळवार होता. ४ सप्टेंबर हा त्या वर्षातला २४७ वा दिवस, म्हणजे मध्ये २४६ दिवस गेले. त्यांना साताने भागले की बाकी एक उरते, आणि मंगळवारच्या पुढचा वार बुधवार. क्लबचा जन्मही बुधवारीच झाला, हे हिशेबातून हाती आल्यावर मला इतका आनंद झाला की ते गणित मी कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे. ॲडेल्फी हॉटेल आता उभे नाही. त्या जागी क्रूसिबल नाट्यगृह आहे, जिथे १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा भरते.

दुसऱ्या खेपेस अडचण आली ती मथळ्याची. क्लब १८८७ मध्ये व्यावसायिक झाला, १८९२ मध्ये फुटबॉल लीगमध्ये गेला, १८९६ आणि १९०७ मध्ये त्याने एफए कप जिंकला, १९०३ आणि १९०४ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले, आणि हे सर्व 'द वेन्सडे' या अधिकृत नावाने. 'शेफिल्ड' हा शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होता, तरी अधिकृत नावात तो १९२९ मध्ये आला. बासष्ट वर्षे जे नाव शहराच्या आधाराविना चालले, त्याला मथळ्यात मोठे अक्षर मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून 'द वेन्सडे' रुंद बोरूने आणि 'शेफिल्ड, १९२९' त्याखाली टाकाने, अशी मांडणी केली.

मागील बाजू घुबडाची आहे. क्लब १८९९ मध्ये आउलर्टन भागातील मैदानावर गेला आणि त्या जागेच्या नावातील 'आउल'मुळे त्याला 'आउल्स' हे टोपणनाव पडले; त्यापूर्वी सुऱ्या-कात्र्यांच्या या शहरातील संघ म्हणून त्याला 'ब्लेड्स' म्हणत, आणि ते नाव पुढे शेजारच्या शेफिल्ड युनायटेडकडे गेले. घुबडाचे डोळे शाईत नीट उतरले आहेत. पंखांवरची निळी रेघ मात्र कागदाने फुटते आहे, त्यामुळे पुढील कार्डासाठी, म्हणजे आर्सेनलसाठी, मी जास्त गुळगुळीत कागद आणला आहे.