खणातले सहा मोबाइल

घर बदलायची तारीख ठरली आणि टेबलाचा सगळ्यात खालचा खण रिकामा करायला घेतला. आत सहा जुने मोबाइल, बंद पडलेला राउटर, एक लॅपटॉप आणि चार्जरच्या वायरींचा गुंता. जर्मनीत यातलं काहीही घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्यानं बंदी आहे. चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र तेच सांगतं. तुमच्याकडच्या चार्जरच्या मागेही ते असेल, बघा जरा.

बंद पडलेला मायक्रोवेव्ह आणि जुनी ड्रिल मशीन घेऊन मी वेर्टश्टॉफहोफवर गेलो. म्हणजे नगरपालिकेचं संकलन केंद्र. शब्दाची फोड केली तर 'मोलाच्या वस्तूंचं आवार' असा अर्थ निघतो, आणि मला तो फार आवडतो. तिथं फ्रिज वेगळे, स्क्रीन वेगळे, ट्यूबलाइट वेगळ्या. फ्रिजमधला वायू आणि ट्यूबमधला पारा बाहेर पडू नये म्हणून ही वेगळी सोय. घरगुती वस्तूंचे पैसे घेतले नाहीत.

ड्रिल मी तशीच पेटीत टाकणार, तेवढ्यात तिथल्या काकांनी हात आडवा केला. "आकू?" म्हणजे चार्जिंगची बॅटरी. त्यांनी खटका दाबून ती सरकन बाहेर काढली, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावली आणि वेगळ्या पिंपात ठेवली. लिथियमची बॅटरी चेपली गेली किंवा तिची टोकं धातूला टेकली की पेट घेऊ शकते, आणि मग कचऱ्याची गाडीच्या गाडी जळते. मी इतकी वर्षं हे केलंच नव्हतं. वाईट वाटलं. आता चिकटपट्टी बॅटरीच्या डब्यातच ठेवलीय.

एका मोबाइलची पाठ फुगून वर आली होती. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून तो मी काकांच्या हातातच दिला.

उरलेले पाच मोबाइल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. २५ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू इथल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना नवीन काही न घेताही परत घ्याव्या लागतात. जुलै २०२२ पासून हा नियम ८०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या किराणा दुकानांनाही लागू झाला, अधूनमधून विजेच्या वस्तू विकत असतील तर. एका वेळी एका प्रकारच्या तीनच. म्हणून तीन त्या दिवशी दिले, दोन पुढच्या आठवड्यात. मला तर हाच नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. भाजी आणायला जाताना जमणारं काम माणूस करतो, त्यासाठी वेगळी चक्कर मारायची म्हटलं की वस्तू खणातच राहते. आणि त्या इवल्याशा फोनमध्ये तांबं, कोबाल्ट, थोडंसं सोनंसुद्धा असतं, तेही खणातच अडकून पडतं.

देण्याआधी प्रत्येक फोनमधले फोटो उतरवून घेतले, खात्यांमधून बाहेर पडलो, फॅक्टरी रिसेट केलं, सिम आणि मेमरी कार्ड काढलं. एकात जुनं सिम तसंच होतं!

लॅपटॉप अजून घरीच आहे. तो सुरूच होत नाही, त्यामुळे आतलं काही पुसता येत नाही. शनिवारी पाठीमागचे स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढेन, मगच तो जाईल.