यकृतातून सापडलेले मेंदूचे जनुक

रविवार, रात्र

उद्या एम.एस्सी.च्या वर्गाला जनुकांचे क्लोनिंग, म्हणजे एखादे जनुक वेगळे काढून त्याच्या प्रती बनवणे, शिकवायचे आहे. दरवर्षीचे इन्सुलिनचे उदाहरण बाजूला ठेवून या वेळी मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) घ्यावे, असे ठरवून दुपारपासून जुनी टिपणे चाळत बसले. मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन यांचे विघटन करणारे हे विकर मेरी हेअर यांनी १९२८ मध्ये केंब्रिजला प्रथम ओळखले ते यकृतात. आणि साठ वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही मानवी रूपांचे सीडीएनए (जनुकाच्या आरएनए संदेशावरून बनवलेल्या डीएनए प्रती) हाती लागले तेही यकृताच्याच लायब्ररीतून, म्हणजे अशा प्रतींच्या संग्रहातून. मुलांना हे विचित्र वाटेल. परंतु जनुक प्रत्येक पेशीत तेच असते, आणि ते जिथे भरपूर वाचले जाते तिथूनच त्याची प्रत उचलणे शहाणपणाचे असते.

शिकवायला अवघड भाग पुढचा आहे. शुद्ध केलेल्या प्रथिनाच्या तुकड्यांतील अमिनो आम्लांचा क्रम ठाऊक झाला, तरी त्यावरून डीएनएचा क्रम नेमका सांगता येत नाही, कारण ल्युसिनसारख्या एकाच आम्लाला सहा कोडॉन (तीन अक्षरी संकेत) असतात. म्हणून ज्यांना एकेकच कोडॉन आहे ते मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन जवळपास असलेला तुकडा शोधून त्यावर प्रोब, म्हणजे जुळणारे जनुक हुडकणारा डीएनएचा छोटा तुकडा, बेतावा लागतो. शब्दकोडे उलट्या बाजूने सोडवण्यासारखेच हे काम आहे, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते.

या क्लोनिंगने एक जुना वादही मिटला. क्लॉर्जिलिन हे औषध विकराच्या ‘ए’ रूपाला फार कमी मात्रेत रोखते आणि ‘बी’ला नाही, हे १९६८ पासून माहीत होते, तरीही ही दोन प्रथिने आहेत की निरनिराळ्या स्निग्ध आवरणांत बसलेले एकच प्रथिन आहे, यावर मतभेद होते. क्रम समोर आले तेव्हा ‘ए’ ५२७ अमिनो आम्लांचे, ‘बी’ ५२० आम्लांचे आणि दोहोंत सुमारे ७० टक्के साम्य, असे दिसले. म्हणजे जनुके दोनच.

नकाशाची गोष्ट वाचताना मात्र थांबले. १९८९ मध्ये दोन्ही जनुके एक्स गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, एक्सपी ११.२३ येथे दाखवली गेली आणि नॉरी रोगाच्या एका रुग्णात ती दोन्ही गळालेली आढळली. या रोगात मुलगे बहुधा जन्मतःच अंध असतात. रोगाचे स्वतःचे जनुक शेजारचे. पण गुणसूत्राचा तुकडाच गळाल्याने ही दोन्हीही गेली. कोणाच्या तरी शरीरातील उणिवेने शेजाऱ्यांचा पत्ता पक्का व्हावा, हे मला आजही अस्वस्थ करते.

१९९३ मधील डच कुटुंबाचा उल्लेख थोडक्यातच करीन. तेथे ‘ए’ जनुकातील एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाची बांधणी अर्धवट थांबत होती आणि काही पुरुषांत आवेगी आक्रमकता दिसत होती. त्यावरून पुढे ‘योद्धा जनुक’ हे नाव गाजले, ते वर्गात उच्चारायचे नाही असे ठरवले आहे.

ही दोन्ही जनुके गुणसूत्रावर शेपटीला शेपटी लावून, म्हणजे वाचनाच्या दिशा एकमेकांसमोर येतील अशी, बसलेली आहेत. दोघांचे एक्झॉन, म्हणजे अंतिम संदेशात टिकणारे जनुकाचे तुकडे, पंधराच. आत्ता वहीत बाण काढून पाहिले, तर पहिल्या खेपेस दोन्ही एकाच दिशेने काढले. उद्या फळ्यावर आधी पेन्सिलीच्या या चित्राकडे बघूनच काढावे लागेल.