रत्नागिरीचा मुक्काम, तिथी बघून

रत्नागिरीला जायचं म्हटलं की बहुतेक मंडळी थेट गणपतीपुळ्यातलं हॉटेल शोधायला बसतात. शहर मग जाता-येता लागतं, थिबा पॅलेससमोर फोटो काढण्यापुरतं. आम्ही मुक्काम शहरातच करायचं ठरवलं आणि पुळ्याला दिली फक्त एक सकाळ. तारखा काढल्या त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथ्या बघून. नवऱ्याला हे जरा विचित्र वाटलं. "मुहूर्त काढतेस का?" म्हणाला.

पण समुद्र तिथीवरच चालतो. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासूनच. हिशेब ढोबळ आहे, शिवाय मुंबईपेक्षा रत्नागिरीला भरती थोडी आधी होते, पण सुट्टी आखायला एवढा पुरतो. आता अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ आपण किनाऱ्यावर जायच्या वेळेलाच पाणी वर आलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती भर दुपारी, आणि सूर्य मावळायच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं. त्यात ते उधाणाचे दिवस. भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटीही खोल जाते आणि ओल्या, घट्ट वाळूचं मैदान उघडं पडतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना भुसभुशीत वाळू चालत नाही, घट्ट वाळूवर मात्र त्या माझ्याही पुढे जातात. एवढ्यासाठी दत्तजयंतीला लागून आलेला वीकेंड पकडला. मार्गशीर्ष पौर्णिमा, हवाही थंड, आणि डिसेंबरातल्या नाताळच्या गर्दीच्या आधीचा काळ.

तारीख एकदा पक्की झाली की पहिलं काम रेल्वेचं. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखा बघता बघता वेटिंगवर जातात. खोली नंतर मिळते, गाडी नाही. गाडीनेच जा, असं मी सगळ्यांना सांगते. महामार्गावरचे खड्डे आणि वळसे सोसून पोचलं की पहिला दिवस पाठ धरण्यात जातो. रत्नागिरीच्या थोडं अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो लागला की वरचं सामान काढायला घ्यायचं. स्टेशन शहरापासून बरंच बाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे, तेव्हा रिक्षाचा खर्च धरूनच चालावं.

राहायचं कुठे यावर घरात बराच खल झाला. मांडवीच्या बाजूला राहिलं तर समुद्र चालत गाठता येतो आणि संध्याकाळी भेळ-पाणीपुरीच्या गाड्यांची जाग असते. थिबा पॉइंटकडचा भाग उंचावर, वारा छान, पण खाली समुद्रावर जायचं म्हणजे दरवेळी रिक्षा. खाडीचा पूल ओलांडून भाट्याला गेलात तर सुरूचं बन, लांबलचक किनारा आणि शांतता. रात्री मात्र काही आणायचं झालं तर शहरात परत यावं लागतं. आम्ही मांडवीजवळची घरगुती सोय निवडली. फोनवर विचारायच्या गोष्टी माझ्या ठरलेल्या आहेत. खोलीपर्यंत जिने किती? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेला? आणि 'समुद्र दिसतो' असं लिहिलं असेल तर खिडकीत उभं राहून आत्ताच्या आत्ता एक फोटो पाठवा. या शेवटच्या मागणीवर निम्म्या जागा आपोआप गळतात.

या काकूंनी फोटो पाठवला. त्यात नारळाची तीन झाडं, शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं आणि मागे बोटभर समुद्र होता. वर स्वतःच म्हणाल्या, "सगळा नाही हो दिसत. पण ऐकू येतो रात्री. आणि मासे खाणार असाल तर आदल्या रात्री सांगा. गुरुवारी मात्र मिळायचे नाहीत हां, मार्गशीर्ष आहे." मी तिथल्या तिथे पैसे पाठवले.

पहिल्या सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. सुट्टीत एवढ्या लवकर कोण उठतं, असं कुरकुरणारा माझा मुलगाच तिथून निघायला तयार होईना. बोटी एकमेकींना खेटून लागलेल्या, जाळ्यांचे निळे-हिरवे ढीग, बर्फ फोडल्याचा आवाज, डोक्यावर घारी आणि पायाखाली सगळीकडे ओल. लिलावाचे आकडे इतक्या भरभर पुकारले जातात की माल कोणाला गेला हे आपल्याला टोपली उचलली गेल्यावर कळतं. एका बाईंनी बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून मुलाला आतला लालभडक रंग दाखवला. "असा असला तरच घ्यायचा. करडा पडला तर पुढे चालायचं." त्या दिवसापासून हा आमच्या घरचा मासे-तज्ज्ञ आहे. बंदरावर पायांत चपला पकडदार घाला आणि फोटो काढण्याआधी विचारा. लोक कामात असतात.

तिथून वर रत्नदुर्ग. गाडी बरीच वरपर्यंत जाते, म्हणून ज्येष्ठांनाही जमतो. तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, आणि तटावरून खाली बघितलं की सकाळी ज्या बोटींच्या गर्दीतून चाललो तीच गर्दी बोटाच्या पेरात मावणारी.

थिबा पॅलेसला मात्र घाईने जाऊ नये. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात हरला, इंग्रजांनी त्याला पकडलं आणि पुढच्याच वर्षी कुटुंबासकट रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला तोवर १९१० साल उजाडलं होतं. म्हणजे चोवीसेक वर्षं राजा इतर बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या वाड्यात जेमतेम पाच-सहा वर्षं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. कबरही रत्नागिरीतच आहे. लाल वास्तू, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या. आत संग्रहालय आहे आणि सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, ते बघून दिवस ठरवावा. सासूबाई वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लांबून आणून ठेवलं, पण जागा चांगली दिली हो." यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर एका फेरीत होतात. मंदिर १९३१ चं, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असतानाचं. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. मुलं बरोबर असतील तर तो चुकवू नका, मोठ्यांना पाऊण तास पुरे.

आणि भाट्याची संध्याकाळ. हिशेब तंतोतंत जुळला. पाच वाजता पोचलो तेव्हा पाणी एवढं आत गेलं होतं की किनारा कुठे संपतो ते कळत नव्हतं. सासूबाई चपला हातात घेऊन निघाल्या त्या पार खाडीच्या तोंडापर्यंत. ओल्या वाळूवर जिथे तिथे इवल्याशा गोळ्यांची नक्षी पडली होती. वाकून स्थिर राहिलं की ती करणारे खेकडे दिसतात, नखाएवढे. वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा लागत जातात. आपली सावली पडली की सगळे एकदम बिळात गडप. मुलगा श्वास रोखून मोजत बसला. सहाच्या सुमारास समोर सूर्य बुडाला आणि वळून बघतो तर माडांच्या मागून चंद्र वर आलेला. पौर्णिमेला हे दोन्ही एकाच वेळी घडतं हे मला माहीत होतं, तरी कुणाकडे तोंड करून उभं राहावं ते ठरेना.

पुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. त्या घाटीवरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे थांबण्यासाठी हाताशी वेळ ठेवा. देवळात रांग होती, डोंगराभोवतीची साधारण किलोमीटरभराची प्रदक्षिणा मात्र निवांत झाली. अंगारकीला या बाजूला फिरकायचं असेल तर फक्त दर्शनासाठीच या, सुट्टी म्हणून नको. आणि पाण्यात उतरायचा मोह इथेही आणि आरे-वारेलाही टाळा. तळ एकाएकी खोल होतो, परतणारं पाणी पाय ओढतं, आणि पोहता येणारेच जास्त फसतात. जीवरक्षक सांगतील तिथेच आणि तेवढंच.

पुढची खेप आंब्याला, असं सगळ्यांचं ठरलंय. मे महिना परवडत नाही, उकाडा आणि गर्दी दोन्ही कळस गाठतात, तेव्हा एप्रिलची अमावास्या बघून ठेवली आहे. जूनमध्ये जायचा विचार असेल तर लक्षात असू द्या, १ जूनपासून मासेमारी बंद असते आणि पानात ताजी सुरमई मिळायची शक्यता कमी. निघताना काकूंना एप्रिलचं विचारलं तर त्यांनी वही काढली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "खोली देते. पेटी हवी असेल तर होळीच्या आधी सांगा, नंतर माझ्या हातात काही राहत नाही."