बैठकीच्या खोलीतलं स्टूल

घर दाखवताना लोक बैठकीच्या खोलीपाशी जरा घाई करतात. ‘ही पुढची खोली’ म्हणतात, दिवा लावतात आणि मी आत पाऊल टाकायच्या आत दुसरीकडे वळतात. घरातली सगळ्यात मोठी खोली, सगळ्यात महागाचं सामान तिच्यात, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं कोणाकडेच काही नाही. इंटिरिअरच्या कामात अशा खोल्या मला नेहमी भेटतात. हल्ली त्यांच्यासाठी मागणीही ठरलेली असते: इथे ऑफिस करून द्या.

या घरातली मागणीही तीच होती. ताई समुपदेशक. दुपारी दोन ते सहा त्यांची ऑनलाइन सत्रं चालायची, तीही बेडरूमचं दार लावून, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. समोरचा माणूस जे कोणालाच सांगत नाही ते यांना सांगतोय, आणि यांच्या पाठीमागे कपड्यांचं कपाट. वेगळी जागा हवी, हे उघडच होतं. घरात चौघं: ताई, त्यांचे यजमान (मी त्यांना दादा म्हणायचे), कॉलेजात जाणारी मुलगी आणि दादांची आई, म्हणजे काकू.

मोजमापाला जाण्याआधी मी एक तक्ता पाठवते. आठवडाभर दर तासाला कोण कुठल्या खोलीत होतं एवढंच त्यात भरायचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ कुटुंबांच्या घरात बसून असंच काम फार बारकाईने केलं होतं. दर दहा मिनिटांनी घरात कोण कुठे आहे याची नोंद ते करत. माणसं बहुतेक वेळ स्वयंपाकघर आणि टीव्हीच्या आसपासच सापडत. माझा तक्ता त्या मानाने अगदीच घरगुती, पण उपयोगी पडतो. ताईंनी भरून पाठवलेल्या तक्त्यात बैठकीच्या खोलीचा रकाना जवळजवळ कोरा होता. एका ठिकाणी फक्त लिहिलं होतं, ‘झाडलोट’.

मी सकाळी पोचले. खोलीत शिरल्याबरोबर ओलसर, बंद वास आला. तीन सीटर सोफा, दोन खुर्च्या, काचेचा टीपॉय, जाड गालिचा आणि भिंतभर शोकेस. ही शोकेस कोपरा वळून खिडकीच्याही जवळजवळ अर्ध्या भागापुढे आली होती. उरलेल्या अर्ध्यावर दुहेरी पडदे. ढोबळ हिशोब असा, की खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा कामापुरता उजेड आत पोचतो. इथे काठ सात फुटांवर, म्हणजे दहा-बारा फूट तरी उजेड यायला हवा होता. टीपॉयवर उजेड मोजायचा लक्समीटर ठेवला तर आकडा शंभरच्याही खाली. वाचन-लेखनाच्या कामाला साधारण ५०० लक्स धरतात. दादांच्या मनात मात्र फॉल्स सीलिंग आणि लपवलेल्या दिव्यांची माळ होती. कोणतीही खोली अंधारी वाटली की लोकांना सीलिंग का सुचतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पण ऑफिसच्या दृष्टीने उजेडापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. खोलीला दार नव्हतं, कमान होती. पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांना बहुधा दार नसतंच. त्या दिसाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. मी ताईंना आत बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं आणि सांगितलं, सत्रात बोलता तेवढ्याच आवाजात वाचा. मी पॅसेजमध्ये वही घेऊन उभी राहिले. शब्दन् शब्द लिहून घेता आला. तिसऱ्या की चौथ्या वाक्याला स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अगं, ‘अनावृत्त’ नव्हे, ‘अनावृत’. नीट बघ.” चाचणी तिथेच संपली.

ताई म्हणाल्या, “भिंतींना तो फोम लावतात ना?” हा गैरसमज इतका पसरलाय की मला तो आता पाठ झालाय. फोमने खोलीच्या आतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्याला लागतं वजन आणि फटी बंद करणं. आडोशाच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी भिंत कितीही जाड असली तरी आवाज वीस डेसिबलच्या पुढे घटत नाही. दाराखालची अर्धा इंच आणि चौकटीच्या बाजूची बारीक फट मिळून तो एक टक्का सहज होतो. इथे तर अख्खी कमान. ती बुजवायची, चौकट बसवायची, भरीव दार लावायचं, वर पॅसेजकडच्या पातळ भिंतीचं काय करायचं ते वेगळंच. होण्यासारखं होतं, पण खर्च आणि तोडफोड दोन्ही बरीच.

तेवढ्यात माझा सुतार आला. खिडकीचं माप घ्यायचं म्हणून आम्ही शोकेस भिंतीपासून ओढली. मागे काळ्या बुरशीचा हातभर पट्टा. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं आणि खोली बंद ठेवली, की हवा खेळत नाही, गार भिंतीवर ओल धरते आणि हे होतं. दोन इंच जागा सोडली असती तरी पुरलं असतं. वास कुठून येतो ते कळलं.

आणखीही एक गोष्ट दिसली. शोकेस आणि खिडकी यांच्यामधल्या सांदीत, पडद्याच्या आड, एक लाकडी स्टूल. गालिच्यावर त्याच्या चार पायांच्या खळ्या पडलेल्या, खोल. गालिच्याचे तंतू असे चेपायला आणि चेपलेलेच राहायला बराच काळ लागतो. खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीचा तुकडा.

“इथे कोण बसतं?” मी विचारलं.

“कोणी नाही,” दादा म्हणाले. “पडलं असेल कधीचं.”

“माझं आहे ते,” कमानीतून काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, “दुपारी शब्दकोडं सोडवते. आत दिसत नाही मला.”

ताई आणि दादा एकमेकांकडे बघत राहिले. त्या वेळी ताई बेडरूमचं दार लावून सत्रात, दादा कामावर, मुलगी कॉलेजात. तक्ता ज्यांनी भरला त्यांच्यापैकी कोणी दुपारी दोन ते चार त्या खोलीकडे फिरकतच नव्हतं. आणि काकूंच्या हातात तक्ता कोणी दिला नव्हता.

मी काकूंना त्यांची खोली दाखवायला सांगितलं. घराच्या पोटातली, लहान, खिडकी डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीकडे उघडणारी. मीटरवर खिडकीपाशीही साठ-सत्तर लक्स. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो; बाहुली आकसते, भिंग पिवळट होतं. काकू सत्तरीच्या पुढच्या. त्या खोलीत बारीक टायपातलं शब्दकोडं त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता म्हणे.

पण मी बघत होते ते दाराकडे. भरीव लाकडी दार, तिन्ही बाजूंना जाड भिंती, खिडकी डक्टकडे. म्हणजे रस्त्याचा आवाज नाही. आणि स्क्रीनवर काम करणाऱ्याला ऊन डोळ्यांवर नकोच असतं. पाठीमागे खिडकी असली तर चेहरा काळा दिसतो तो भाग वेगळाच. ताईंना हवी असलेली खोली घरात तयार होती. फक्त तिच्यात काकूंना ठेवलं होतं.

हे बोलून दाखवायला मी थोडी कचरत होते. वयस्क माणसाला त्याच्या खोलीतून हलवा असं बाहेरच्या बाईने सांगणं बरं दिसत नाही. म्हणून मी ताईंना न सांगता आधी काकूंनाच विचारलं, पुढच्या खोलीत राहाल का?

“आणि सामान?”

“हलवू.”

“त्या गालिच्यात काठी अडकते माझी,” त्या म्हणाल्या. होकार होता तो.

मग आम्ही मास्किंग टेपने फरशीवर पलंग आखला, कपाट आखलं, खिडकीशी हाताची खुर्ची आखली. मी काकूंना आखलेल्या पलंगाच्या कडेपासून शेजारच्या बाथरूमपर्यंत चालायला लावलं. पाहुण्यांसाठी म्हणून ते बैठकीलाच लागून होतं, हे आयतंच फावलं. वाटेत टीपॉय असता तर दोनदा वळावं लागलं असतं. पलंगाची उंची अठरा ते वीस इंच ठरली, बसल्यावर पाय पूर्ण टेकतील अशी. प्लगचे पॉइंट जमिनीपासून दीड-दोन फुटांवर घ्यायचे, वाकायला लागू नये म्हणून. कमानीत चौकट आणि सरकतं नाही, बिजागरीचंच दार, तीन फूट मोकळं. दाराच्या आत पाठीकडून बंद असलेलं चार फुटी पुस्तकांचं कपाट आडवं, म्हणजे येणाऱ्याला थेट पलंग दिसणार नाही. फळ्यांमध्ये अडीच फुटांना आधार हवाच, एरवी पुस्तकांच्या वजनाने अठरा एमएमचा प्लायही बाक देतो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. एकच अट घातली, “कडी आतून पाहिजे.”

विरोध आला तो दादांकडून. मला वाटलं होतं जुन्या वस्तूंसाठी काकू अडतील. बहुतेक घरांत सगळे तसंच गृहीत धरतात. इथे सोफ्यात जीव अडकला होता मुलाचा. वडिलांनी हौसेने घेतलेला सोफा. “आणि पाहुणे कुठे बसणार?” त्यांनी दोनदा विचारलं. काकू म्हणाल्या, “येतं कोण? माझ्याच ओळखीचे येतात, ते माझ्यापाशी बसतील. तुझे मित्र काय, जेवणाच्या टेबलावरून उठतात कुठे?” आणि मग, जरा आवाज चढवून, “इतकी वर्षं मी पुसलाय तो सोफा. तू बसलायस कधी?”

पुढचं काम नेहमीसारखं. बुरशी खरवडून भिंत पूर्ण सुकू दिली आणि मगच रंग लावला. घाई केली असती तर पट्टा पुन्हा वर आला असता. फॉल्स सीलिंग झालंच नाही. पडदे एकेरी केल्यावर आणि शोकेस काढल्यावर खिडकीशी दुपारी हजारच्या आसपास लक्स मिळू लागले. काकूंच्या जुन्या खोलीत दाराखाली आपोआप खाली येणारी रबरपट्टी बसवली आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचून बघितलं. पॅसेजमध्ये कोणीतरी बोलतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. शोकेसचा अर्धा भाग ताईंच्या पाठीमागे पुस्तकं ठेवायला गेला.

दोन सुट्या खुर्च्या काकूंपाशी राहिल्या. तीन सीटर मात्र अजून विकलेला नाही. जिन्याखाली कापड घालून ठेवलाय, आणि त्याविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलंय, असं ताईंनीच मला फोनवर हळू आवाजात सांगितलं.