शेरा: रमत नाही

नानांचा पुन्हा फोन. आमच्या सैनिकी शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यादीला चाळीसच पानं मिळणार, तेव्हा बारावीपर्यंत न टिकलेले गाळायचे. ‘‘शेवटपर्यंत राहिले ते आपले. बाकीचे आले नि गेले.’’ बरं म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा तेच पान उघडलं.

जनरल रजिस्टर. दाखल ४ जुलै, शाळा सोडली ११ ऑगस्ट, इयत्ता सहावी. अडतीस दिवस. सोडण्याच्या कारणाचे शब्द ठरलेले असतात: पालकांची बदली, प्रकृती अस्वास्थ्य, ‘पालकांच्या विनंतीवरून’ (याचा खरा अर्थ वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारावा). या ओळीत मात्र दोनच शब्द आहेत. ‘रमत नाही.’ रमला नाही, असंही नाही. दाखला लिहिताना लेखनिकाने मान वर करून समोरच्या पोराकडे बघितलं असावं.

आठ शाईंचं रजिस्टर आहे, शेकडो शेरे वाचून झालेत. याच्यावरच गाडी का अडली?

यादीची रीत तशी सरळ आहे. माजी विद्यार्थी संघाच्या वहीपासून सुरुवात करायची नाही. तिथे वर्गणी भरलेलेच सापडतात. जनरल रजिस्टर पहिल्या क्रमांकापासून धरायचं, त्याला वसतिगृहाची हजेरी लावून बघायची, मग बारावीचे निकाल, सगळ्यात शेवटी हाउसचे (शाळेत मुलांचे पाडलेले गट) ग्रुप फोटो. फोटोवर भिस्त ठेवायची नाही. खाली नावं ‘डावीकडून उजवीकडे’ असतात, आणि एक जण आयत्या वेळी मागच्या रांगेत गेला की पुढचा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या नावाने अमर होतो. आडनावं तर बदलतातच. सहावीत गावावरून, दहावीत घराण्यावरून. अशा वेळी नाव सोडायचं आणि जन्मतारखेवर बोट ठेवायचं, तेही अक्षरी लिहिलेल्या. अंकांतला १ आणि ९ शाई फुटली की एकच दिसतात. अक्षरांत ती भानगड नाही. लाल शाईची दुरुस्ती मुख्याध्यापकांची सही असेल तरच खरी मानायची. सोडून परत आलेल्याला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे तेच पोर दोनदा मोजलं जातं. (नानांचेही दोन क्रमांक आहेत. हे त्यांना इतक्यात सांगायचं नाही.)

खरा घोळ सन्मानफलकाचा. ‘एनडीए’ (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) या शीर्षकाखाली जी नावं आहेत ती यूपीएससीच्या यादीत लागलेल्यांची. यादीत लागणं वेगळं, खडकवासल्याला रुजू होणं वेगळं, तिथली तीन वर्षं आणि पुढच्या अकादमीतला काळ काढून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळणं आणखी वेगळं. या तीन आकड्यांत प्रत्येक टप्प्यावर गळती असते. कुणाची वैद्यकीय, कुणी इंजिनिअरिंगला जातो, कुणी टर्म काढून घरी येतो. रंगारी पहिल्याच टप्प्यावर ब्रश उचलतो. नंतर पुसायला कोण जाणार? म्हणजे खडकवासल्याहून दुसऱ्या टर्मला परतलेला सोनेरी अक्षरांत, आणि इथून अडतीसाव्या दिवशी गेलेला गाळायचा. सोडून जाण्यालाही जागा बघून मान आहे.

हे कुणाला सांगावं तर कुणाला पडलेली नाही. सोहळ्याच्या दिवशी सगळे आपापलं पान उघडणार, स्वतःचं नाव शोधणार, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून फोन करणार. दोन उन्हाळे गेले यात. डोळ्यांचं तर... असो.

डेहराडूनचं प्रकरण लिहायला घेतलं ते या वैतागातच. राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, त्या वेळचं प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज, १३ मार्च १९२२. आपल्याकडच्या सगळ्या सैनिकी शाळांची थोरली बहीण. १९१८ पासून सँडहर्स्टला, इंग्लंडमधल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या कॉलेजात, भारतीय मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या होत्या. गेलेल्यांतले बरेच टिकले नाहीत. भाषा, जेवणाचं टेबल, खेळ, थंडी, सगळंच एकदम अंगावर आलं. तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या पोरांना आधी इथेच त्या साच्यात बसवावं म्हणून ही पूर्वतयारीची शाळा निघाली. थिमय्या तिच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. पुढे बेवूर, पद्मनाभन. लष्करप्रमुखांची ही नावं पाठ असतात. ज्यांच्या न टिकण्यामुळे शाळा काढावी लागली, ते कुठल्या फलकावर? शाळेचा पायाच मुळी ‘रमत नाही’ या शेऱ्यावर घातलेला.

सातारची सैनिक शाळा, देशातली पहिली, २३ जून १९६१. तिचाही हेतू हाच होता की ज्या भागांतून, ज्या घरांतून अधिकारी होत नाहीत तिथली पोरं यावीत. शाळा निघते न पोचलेल्यांसाठी आणि हिशेब ठेवते पोचलेल्यांचा. सवयच आहे ती. आपणही तेच करतो.

आणि ‘आपले’ म्हणजे कोण, नाना? डेहराडूनला शिकलेले सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगामला लढताना पडले, हाताला प्लास्टर असताना. पहिलं परमवीरचक्र. त्याच शाळेतले असगर खान आणि नूर खान पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. जुलै १९६५ मध्ये एकाने दुसऱ्याकडे सूत्रं दिली आणि दीड-दोन महिन्यांत युद्ध. ‘शेवटपर्यंत राहिला तो आपला’ हा नियम तिथे लावला तर शत्रूचे दोन हवाईदलप्रमुख यादीत बसतात नि हे सहावीतलं पोर बाहेर राहतं. हसूच आलं. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी नानांना फोन लावला. नियम-बियम काही काढला नाही. टंक दोन पॉइंटनी कमी केला आणि ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना उडवला तर सगळे चाळीस पानांत मावतात, एवढंच सांगितलं. पत्ते तसेही निम्मे चुकीचेच आहेत.

‘‘सगळे म्हणजे सगळे?’’

‘‘क्रमांकाप्रमाणे.’’

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘माझा कुठला धरलास, पहिला का दुसरा?’’

रात्री ती ओळ टाईप केली. क्रमांक, नाव, दाखल, सोडल्याची तारीख. हाउसच्या रकान्यात काय लिहावं कळेना, कारण हाउस पहिल्या घटक चाचणीनंतर देत असत. आडवी रेघ मारली.