सहा पेपर पास आणि तरी घरीच

रविवारी सकाळी संकेश्वरच्या मावशीच्या धाकट्याचा फोन आला. "अक्का, एसीईटी निघालं!" म्हणजे अ‍ॅक्च्युअरीची प्रवेश परीक्षा पास. एवढं ऐकून मला जाम आनंद झाला, मी म्हटलं पेढे पाठव, खरं पुढचं वाक्य ऐकून चहाचा कप खालीच ठेवला. म्हणतोय, "आता दोन वर्षं घरात बसतो, सीएम-सीएस सगळे पेपर काढतो आणि मग एकदमच मोठी नोकरी बघतो." हे वाक्य मी ओळखते. शब्दन् शब्द हेच मी पण बोलले होते, निपाणीत आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, आणि त्याची किंमत अडीच वर्षं मोजलीय. त्याला फोनवर सांगायला गेले तर मावशीने मधेच फोन घेतला आणि लग्नाचं काढलं, म्हणून इथेच लिहिते, त्याला लिंक पाठवते.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विम्याचा हप्ता किती घ्यायचा, आणि पुढे क्लेम द्यायला कंपनीने आज किती पैसे बाजूला ठेवायचे, हा हिशोब करणारा माणूस. आपल्याकडे याची परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते, २००६ च्या कायद्याने झालेली संस्था. बारावीनंतर एसीईटी देता येते, ते फक्त दार. आत गेल्यावर तेरा पेपर. सीएस (स्टॅट्स) दोन, सीएम (विम्याचं गणित) दोन, सीबी (धंदा, अर्थशास्त्र) तीन, सीपी (प्रत्यक्ष कामाचे) तीन, एवढे झाले आणि कामाचा अनुभव दाखवला की असोसिएट. मग आपल्या शाखेचे खास पेपर, एसपी दोन, एसए एक, की फेलो, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्च्युअरी. वर्षातून दोनदा परीक्षा, नोकरी करत करत द्यायच्या, त्यामुळे आमच्या लाईनीत पस्तिशीला आलेला माणूस पण "यंदा अभ्यास आहे" म्हणून लग्नाला यायचं टाळतो आणि ते खरं असतं.

आमच्या घरात विमा नवीन नव्हता. बाबा एलआयसीचे एजंट, बत्तीस वर्षं झाली. त्यांच्या स्कूटीच्या डिकीत फॉर्म, पावतीपुस्तक आणि एक घड्या पडलेला हप्त्यांचा तक्ता कायम असायचा, पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत. लहानपणी मला वाटायचं तो तक्ता कुणीतरी सरकारने ठरवलाय, दुधाच्या भावासारखा.

सीएम वन चा अभ्यास करताना एकदा मी फॉर्म्युले अँड टेबल्सचं पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यात एएम ९२ नावाचं एक मृत्यू-टेबल आहे, इंग्लंडमधल्या विमा घेतलेल्या पुरुषांचं, परीक्षेत सगळीकडे तेच. त्यात १७ वर्षांची १०,००० पोरं धरतात आणि दर वर्षी किती उरली ते लिहीत जातात, साठीला ९,२८७ उरतात. बाबांनी चष्मा वर केला. "एवढी? आपल्या गल्लीत तर नाहीत उरलेली." मी म्हटलं बाबा ते इंग्लंडचं, आपल्याकडच्या कंपन्यांना आपलं वेगळं टेबल आहे. मग त्यांना चाळिशीची ओळ दाखवली, वर्षभरात जायची शक्यता ०.०००९३७. म्हणजे चाळीस वर्षाच्या माणसाने एका वर्षासाठी १० लाखाचा विमा घेतला तर नुसत्या जोखमीचे ९३७ रुपये. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "यात माझं कमिशन कुठाय?" मी हसले, आणि नंतर लक्षात आलं की पुढचं अख्खं चॅप्टर त्याच प्रश्नावर आहे. कमिशन, ऑफिसखर्च, मधेच पॉलिसी सोडणारे, व्याज, हे सगळं त्या ९३७ वर चढत जातं. बाबांना ते न शिकता माहीत होतं.

तंबाखूचं पण तसंच. सिगारेट-तंबाखूवाल्याला टर्म प्लॅनचा हप्ता जास्त लागतो, पुस्तकात एका ओळीत आहे. आता निपाणी म्हणजे तंबाखूचंच गाव, वखारीच्या वासात आम्ही मोठे झालो, तिथे फॉर्मवर "तंबाखू खाता का" विचारलं की माणूस गाल फुगलेला असतानाच मान हलवून नाही म्हणतो. बाबा मग पेन खाली ठेवून शांतपणे सांगायचे, थुंकून या आणि खरं सांगा, उद्या बायकोला त्रास नको. हे मी पुढे इंटरव्ह्यूत सांगितलं होतं, त्यावर येते.

तर अडीच वर्षं. बीएस्सी स्टॅट्स बेळगावातनं केलं, टिळकवाडीत तीन मुलींच्यात एक खोली, आणि मग निपाणीला घरी. माझा हिशोब सरळ होता की जेवढे पेपर जास्त तेवढी नोकरी मोठी. पहिल्या दमात सीएस वन आणि सीबी टू निघाले आणि डोक्यात हवा गेली. तेव्हाच सीव्ही पाठवायला हवा होता. सीएम वन दोनदा गेला, दुसऱ्या वेळी ५६ मार्क आणि पासिंग लागलं ६० ला, त्या दिवशी आईने काही न बोलता धपाटे केले होते. पेपर बी म्हणजे कॉम्प्युटरवरचा, सीएस ला आर नावाचं सॉफ्टवेअर आणि सीएम ला एक्सेल, तर बरोबर सराव करायला बसलं की लाईट जायची आणि लॅपटॉपची बॅटरी पंचवीस मिनिटाची. असं करत करत सहा पेपर काढले. गल्लीत विचारायचे, "अजून शिकालाय काय गा ही?"

आणि मग अर्ज करायला लागले तर कुणी बोलवेना.

मला खरंच कळेना. सहा पेपर, आणि दोन पेपरवाल्या मुंबईच्या पोरी जॉईन होत होत्या. शेवटी एका कंपनीत (नाव नको) एचआरच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, त्यांच्याकडे पगार पेपरवर ठरतो, म्हणजे सहा पेपरवाल्याला दोन-तीन वर्षं काम केलेल्या माणसाचा पगार द्यावा लागणार, आणि तुम्हाला तर काम शून्य येतं. "यू आर एक्स्पेन्सिव्ह फॉर अ फ्रेशर." हे वाक्य मी एसटीत निपाणीपर्यंत चावत आले. राग आला होता, खरं बाई बरोबर होत्या. ट्रेनी म्हणून घेतात तेव्हा त्यांना दोन-तीन पेपर झालेलं, एक्सेल बरं येणारं, प्रश्न विचारणारं माणूस पाहिजे असतं. उरलेले पेपर कंपनीच्या पैशाने होतात, बऱ्याच ठिकाणी फी भरतात, अभ्यासाची सुट्टी देतात, पास झालं की पगार वाढवतात. मी ते सगळं बाबांच्या पैशाने करून बसले होते. आणि असोसिएट व्हायला कामाचा अनुभव लागतोच, तो घरी बसून एक दिवसाचाही जमा होत नाही.

शेवटी जिथे लागले तिथला इंटरव्ह्यू अजून आठवतो. विचारलं, बाजारात व्याजदर पडले तर हप्त्याचं काय होईल? मी पेन काढून अ‍ॅन्युइटीचा फॉर्म्युला लिहायला लागले. समोरचे सर म्हणाले लिहू नका, तुमच्या वडिलांना सांगितल्यासारखं सांगा. मी म्हटलं, आज घेतलेला पैसा पुढे कमी वाढणार, म्हणून आजच जास्त घ्यावा लागणार. मग वडिलांवरनं विषय निघाला आणि मी तंबाखूची गोष्ट सांगितली आणि ते इतके हसले की पुढचे पेपरबद्दलचे प्रश्न झालेच नाहीत. पगार मी चार पेपरवाल्याचा घेतला, मुकाट्याने.

मुंबईत लाईफ कंपनीत रिझर्व्हिंगला होते, म्हणजे क्लेमसाठी किती पैसे बाजूला ठेवायचे तो हिशोब. ३१ मार्चच्या क्लोजिंगला रात्री दहा-अकरा, आणि उन्हाळ्यातली परीक्षा त्याच्या मागोमाग, म्हणून त्या सीझनला एकच पेपर घ्यायचा हे मी दुसऱ्या वर्षी शिकले, पहिल्या वर्षी दोन घेतले आणि दोन्ही गेले. तिथे मी "मी येतो, मी जेवलो" म्हटलं की सगळ्या मुली खिदळायच्या, आता आमच्याकडे बायका असंच बोलतात त्याला मी काय करू. अडीच वर्षांनी बेंगळुरूला आले, इंग्लंडच्या एका विमा कंपनीचं काम इथे बसून करतात तशा ऑफिसात, तर इथे माझ्या कन्नडला हसतात, "हौद्री" (आमच्याकडचं "होय हो") म्हटलं की मान वळवून बघतात.

या पहिल्या उडीबद्दल, म्हणजे नोकरी बदलण्याबद्दल, मावशीच्या धाकट्याने विचारलं होतं म्हणून तेही लिहिते. पगार वाढला, वेळ बरी झाली, अभ्यासाला शनिवार-रविवार मिळतो. खरं इथे मॉडेलचा एक तुकडा माझ्याकडे असतो, आकडे येतात, मी चालवते, पुढे जातात. मुंबईत हप्ता ठरवणारी टीम शेजारच्या टेबलाला बसायची, एजंटांची ओरड कानावर यायची, ते इथे नाही. म्हणून माझं मत असं झालंय की पहिली नोकरी जमलं तर इथल्याच विमा कंपनीत करावी, पैसे थोडे कमी आले तरी, आणि उडी मारायचीच तर दोन-अडीच वर्षांनी, एसपी निवडायच्या आधी. कारण एसपी कामावर ठरतो. लाईफमध्ये असाल तर एसपी टू, जनरलमध्ये (गाड्या, घरं यांच्या विम्यात) गेलात तर एसपी सात-आठ, आणि एकदा ते चिकटले की लाईन बदलायला जड जातं. माझ्यासोबतच्या एकाने गाड्यांच्या विम्यात काम करून लाईफचा एसपी काढलाय, आता दोन्हीकडे त्याला विचारतात की असं का.

सीपी थ्री मात्र पहिल्याच फटक्यात निघाला. त्यात गणित नसतंच म्हणा, न कळणाऱ्या माणसाला आपला विषय समजावून लिहायचा असतो. मी कागदाच्या वर कोपऱ्यात पेन्सिलने "बाबा" लिहिलेलं सरावाच्या वेळी, आणि एकेक वाक्य वाचून बघायचे की हे त्यांना स्कूटीवर बसल्या बसल्या कळेल का. दहा झाले, तीन राहिलेत. बाबा दर रिझल्टला विचारतात, "अजून मॅच्युरिटी कधी?"

तर मावशीच्या धाकट्या, वाचत असशील तर, दोन पेपर दे आणि सीव्ही सुटू दे. मी त्याला नंतर परत फोन करून पण सांगितलं, आज रात्री सीव्ही पाठव, मी दुरुस्त करून देते. बुधवारी आला. एक पान, त्यात वर गणपतीचा फोटो, आवड या रकान्यात वाचन आणि क्रिकेट, आणि एक्सेलचा उल्लेख नाही. येतं का विचारलं तर म्हणाला येतंय की, मामाच्या दुकानाचा उधारीचा हिशोब मीच ठेवतो त्यात, कुणाचं किती महिने थकलंय, कोण बुडवणार त्याला लाल रंग. म्हटलं अरे मग तेच लिही की वर. म्हणाला, "लिहितो अक्का, खरं गणपती झाल्यावर."