मीठ अपडेट ५: पावसाने माझा घन खाल्ला

मंडळी, घरी बरणीतल्या मिठाच्या पाण्यात तंगुसाला टांगून मी मिठाचा स्फटिक वाढवतोय. मागच्या वेळी त्यातल्या ज्या घनाचं मी एवढं कौतुक केलं होतं ना, १४ मिमीचा, एका बाजूने आरपार दिसणारा, तो गेला. रविवारी सकाळी बघतो तर तंगुसाला चोखून टाकलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं काहीतरी लटकतंय, वरचे कोपरे पार गायब आणि खालचे जरा शाबूत. तीन महिने!!

संशय अर्थातच घरच्यांवर. बरणीवर मी मार्करने पातळीची रेघ मारतो, आणि पाणी रेघेच्या चांगलं ३ मिमी वर. आईला विचारलं, पाणी घातलंस का गं बरणीत, तर म्हणे "मागे एकदा हात लावला तर आठवडाभर बोलत होतास, मी कशाला लावतेय." हेही खरंच.

दोन दिवस डोकं खाजवलं. झाकण लावलेली दुसरी बरणी जशीच्या तशी होती, मग सहज हायग्रोमीटरकडे (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) लक्ष गेलं. ८६ टक्के! आणि तेव्हा ट्यूब पेटली. मिठाचं संपृक्त पाणी (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही असं) साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी बरोबरीत असतं, त्याच्या वर हवा गेली की पाणी उडायचं सोडून उलट हवेतलंच पाणी बरणीत यायला लागतं. हे पातळ पाणी हलकं म्हणून वरच राहतं, आणि स्फटिकाचा वरचा भाग आधी खातं. कहर म्हणजे हाच हायग्रोमीटर मी मीठ आणि डबा वापरून ७५ ला तपासून घेतला होता, म्हणजे उत्तर माझ्याच हातात होतं. वसईत राहून मिठागरं पावसाळ्यात बंद असतात हे मला आठवू नये, आता काय बोलणार.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की तुरटीसारखं गरम करून थंड करायचा खेळ मिठाबरोबर चालत नाही. १०० मिली पाण्यात साध्या तापमानाला ३६ ग्रॅम, उकळत्यात फार तर ३९, मग थंड करून बाहेर येणार काय? हळूहळू वाफ होऊ देणं एवढाच मार्ग, आणि तोच पावसाने बंद केला. आणि पाकिटातलं मीठ घेऊ नका हो, पाठीमागे ५३६ लिहिलेलं असेल तर ते पोटॅशियम फेरोसायनाइड, खायला त्या प्रमाणात चालतं पण घनाऐवजी पिसं उगवतात. मी एलआर ग्रेडची, म्हणजे प्रयोगशाळेत वापरायच्या शुद्ध मिठाची बाटली घेतो, दुकानदाराने यावेळी दगड झालेली दिली, फोडून वापरली.

आता जरा बरं. उरलेल्या गोळीचा सूड म्हणून कटरचं पातं बाजूला समांतर धरलं आणि हातोडीने टक्. काय तुटलंय! सपाट, आरशासारखं, काटकोनात. त्याच हातोडीने शेजारी तांब्याची तार ठोकली तर ती नुसती चपटी झाली. तांब्यात इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामायिक, थर सरकला तरी काही बिघडत नाही. मिठात सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकलाय, प्रत्येक सोडियमच्या सहा बाजूंना क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडच्या सहा बाजूंना सोडियम, थर एक घर सरकला की प्लससमोर प्लस आणि मायनससमोर मायनस, मग दुभंगणारच. पुस्तकात शंभरदा वाचलंय पण हाताला ती टक् जाणवली तेव्हा पटलं. तो तुकडा डबीत सिलिका जेलवर ठेवलाय.

प्लॅन असा होता की कपाटात टांगायच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या (त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, तेही आपल्याच खानदानातलं) बरणीसकट मोठ्या डब्यात ठेवायच्या. पण लिहिता लिहिता सुचलं, सोडियमच्या जागी पोटॅशियमच घेतलं तर? पोटॅशियम क्लोराइडचाही घनच होतो, त्याची हवेशी बरोबरी ८४ टक्के आर्द्रतेच्या आसपास होते, आणि मुख्य म्हणजे २० अंशाला ३४ ग्रॅम तर उकळत्यात ५६, म्हणजे बंद बरणीत थंड करूनही वाढवता येईल, हवेची कटकटच नाही! खताचा लालसर पोटॅश नको, एलआरच मागवतो. पिशव्यांचा डबा सध्या राहू दे.

कोणी केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) बीज, म्हणजे वाढवायला घ्यायचा छोटा स्फटिक, तंगुसाला बांधलंय का? माझं तर मिठाचंच गाठीतून सारखं निसटतंय.